स्वादुपिंडाचा कर्करोग आणि त्याची प्राणिप्रतिमाने

रोगसंशोधनासाठी योजिलेल्या प्राण्यास इंग्रजीत ‘मॉडेल’ म्हणतात. मराठीत त्यास ‘नमुना’ म्हणावयाचे काय? धान्याच्या राशीतून काढलेली मूठ हा राशीचा नमुना होय. तो तिचाच अंश असतो. प्राणी हा रोग्याचा अंश नव्हे. म्हणून प्रस्तुत टिपणात ‘प्रतिमान’ हा शब्द स्वीकारला आहे. हा केवळ शब्दच्छल नव्हे, हे स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या संशोधनेतिहासावरून दिसून येईल.

मनुष्यात हा रोग बहुधा उशिरा उघडकीस येतो. त्याचा आरंभ पाहावयास मिळत नाही. तो पाहण्यासाठी प्राण्यांचा आश्रय घ्यावा लागला. १९७५ साली डॅनियल लाँगनेकर यांनी ॲझासेरीन देऊन रॅटमध्ये अर्बुदे उत्पन्न केल्याचे प्रसिद्ध झाले. परंतु ती पाचकरस स्रवणाऱ्या पेशींच्या वळणाची होती. मनुष्यातील नेहमीचा रोग नलिकांच्या वळणाचा असतो. तसे रूप ओमाहा येथे परवीझ पूर व त्यांच्या सहकाऱ्यांना १९७४ पासूनच्या प्रयोगांत सीरियन हॅम्स्टरमध्ये, नायट्रोसामीन वर्गातील द्रव्यांच्या योगे, मिळाले होते.

हा हॅम्स्टर प्रयोगशाळेत आला तो मात्र निराळ्याच कारणाने. काळ्या आजाराच्या अभ्यासासाठी सॉल ॲडलर यांना तो हवा होता. त्यासाठी इस्राएल अहरोनी यांनी १९३० मध्ये अलेप्पोच्या परिसरातून एक मादी व तिची पिले मिळविली. जगभरच्या प्रयोगशाळांतील सीरियन हॅम्स्टर बहुतांशी त्याच कुटुंबाचे वंशज होत. हिब्रूत त्यास ‘ओगेर’, म्हणजे साठवणारा, असे अन्वर्थक नाव आहे.

पुढे २००३ व २००५ मध्ये सुनील हिंगोरानी, डेव्हिड टूव्हसन आदींनी मानवी रोगात आढळणारे जनुकदोष माऊसच्या स्वादुपिंडात घडवून आणले. हे साम्य आजवरच्या सर्वांहून निकटचे होते, आणि धोका तेथेच होता. अर्बुदाभोवतीच्या दाट ऊतींमुळे जेमसायटबीन हे औषध आत पोहोचत नाही. ‘हेजहॉग’ संदेशमार्ग रोखल्यास ते पोहोचते व प्राणी अधिक काळ जगतात, असे २००९ मध्ये दिसून आले. परंतु मनुष्यांवरील चाचणी २०१२ च्या आरंभी थांबवावी लागली, कारण ही औषधजोड घेणाऱ्या रोग्यांची स्थिती केवळ जेमसायटबीन घेणाऱ्यांपेक्षा वाईट झाली होती.

ते रोगी प्रतिमान नव्हते. त्यांच्या वाट्याला जे आले, त्याचे स्पष्टीकरण २०१४ मध्ये पुन्हा माऊसवरील प्रयोगांतूनच पुढे आले: भोवतालच्या ऊती हटविल्यावर अर्बुद अधिकच आक्रमक होत होते.