तू कोण?

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. तरीही आज तारांविषयी बोलणार आहे. कारण या तारांच्या इतिहासात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो मलाही अनेकदा विचारला गेला आहे.

१९९९ साली माझा पुतण्या डिप्लोमाला होता. जुन्या संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरसाठी २५ छिद्रांची जोडणी असे, तिला म्हणत पॅरलल पोर्ट. त्यात त्याने आठ तारा खोचल्या. प्रत्येक तारेला एक रेझिस्टर आणि एक लाल एलईडी. मग पडद्यावर एकच ओळ लिहिली. ८८८ क्रमांकाच्या पत्त्यावर २५५ हा आकडा गेला आणि आठही दिवे लागले! भाभी पदराला हात पुसत बघायला आली. "चाचा, आता १ लिहा," तो म्हणाला. मी लिहिलं. एकच दिवा राहिला.

आयबीएमच्या १९८१ च्या पीसीपासून हे दार चालत आलं होतं. ते कुणाला नाव विचारत नसे. तार चुकली तर पोर्ट जळायचा धोका होता, पण दार मोकळं होतं.

त्याआधीच, जानेवारी १९९६ मध्ये, सात कंपन्यांनी मिळून यूएसबीचा पहिला आराखडा जाहीर केला होता. कीबोर्डला एक जोडणी, प्रिंटरला दुसरी, मोडेमला तिसरी, हा गोंधळ त्यांना संपवायचा होता. इंटेलमध्ये या कामात पुढे होते अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. पुढे नव्या संगणकांवरून जुनं दार हळूहळू नाहीसं झालं.

सुरुवातीच्या यूएसबीत तारा चारच. दोन विजेच्या, पाच व्होल्टच्या, दोन बोलण्याच्या. पण बोलण्याची रीत कडक. संगणकाने विचारल्याशिवाय उपकरणाने तोंड उघडायचं नाही. जोडल्याबरोबर पहिला प्रश्न: तू कोण? कोणत्या कंपनीचा, कोणत्या क्रमांकाचा? पुतण्याच्या घरगुती सर्किटला नीट उत्तर देता येईना. पडद्यावर निरोप आला: हे उपकरण ओळखता येत नाही.

मला माझे सुरुवातीचे दिवस आठवले. एका कार्यालयात कविता घेऊन गेलो होतो. समोरच्यांनी आधी नाव वाचलं, मग विचारलं, "तुम्ही मराठीत लिहिता?" कविता नंतर वाचली.

खरं सांगायचं तर यंत्राच्या प्रश्नात आकस नाही. समोर माउस आहे की प्रिंटर हे कळल्याशिवाय त्याच्याशी बोलायचं कसं? अडचण वेगळीच होती. कंपनीचा क्रमांक रीतसर घ्यायचा तर हजारो डॉलर लागतात. डिप्लोमाच्या पोराने ते कुठून आणायचे?

वाट काढली ती इतरांनी. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीने अशी चिप विकायला काढली, जी ओळख स्वतः सांगते आणि मागच्या सर्किटशी साध्या भाषेत बोलते. ऑस्ट्रियातल्या एका छोट्या कंपनीने साध्या चिपला यूएसबी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम खुला केला आणि हौशी लोकांना वापरायला आपले क्रमांकही दिले. २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावच्या संस्थेत, विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून, अर्डुइनो नावाचा बोर्ड तयार झाला. ज्याच्यापाशी नाव होतं, त्याने ते बिननावाच्याला वापरू दिलं.

गेल्या सुट्टीत पुतण्याच्या मुलीने तसलाच बोर्ड संगणकाला जोडला. संगणकाने विचारलं, बोर्डाने सांगितलं, आणि आठ दिवे पुन्हा लागले.

ओळख विचारण्यात वावगं काही नाही. ओळख विचारून पुढे दार उघडतं की बंद होतं, एवढंच पाहायचं.