बार्लोचे भाकीत

दोनाच्या एकतिसाव्या घातातून एक वजा केला की २१४७४८३६४७ ही संख्या मिळते. ती मूळ संख्या असल्याचे ऑयलरने १७७२ साली बेर्नुलीला लिहिलेल्या पत्रातून जाहीर झाले. तिला मूळ भाजक असलाच, तर त्यास २४८ ने भागता बाकी १ किंवा ६३ च उरेल, हे आधी ओळखल्यामुळे त्याचे कितीतरी भागाकार वाचले.

या संख्येपासून एक परिपूर्ण संख्या सिद्ध होते, म्हणजे सहा किंवा अठ्ठावीसप्रमाणे स्वतःखेरीज आपल्या सर्व भाजकांच्या बेरजेइतकी. १८११ साली इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो याने लिहून ठेवले, की हिच्याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही. असल्या निरुपयोगी गमतीमागे पुढे कोण लागणार? माणसाच्या हौसेचा हिशेब मात्र त्याला जमला नाही. १८७६ साली फ्रान्समध्ये ल्युकाने एकोणचाळीस अंकी संख्येचे मूळत्व सिद्ध केले, तेही भाजक शोधण्याची वाट सोडून.

आणि उपयोगाचे म्हणाल, तर १९८८ साली पार्क व मिलर यांनी संगणकावर यादृच्छिक भासणारे आकडे काढण्यासाठी ऑयलरचीच संख्या सुचविली. हातातील आकड्यास १६८०७ ने गुणावे, २१४७४८३६४७ ने भागावे. उरलेली बाकी हा पुढचा आकडा. गुणक जपून निवडलेला आणि भाजक मूळ, म्हणून पहिला आकडा पुन्हा येण्याआधी २१४७४८३६४६ आकडे होऊन जातात.