पुंजणे, खराटा आणि गेडी

गोंदिया जिल्ह्यातील शिक्षकांच्या एका शिबिरात मी छायाचित्रणाच्या इतिहासावर बोलत होतो. एक गुरुजी उठून म्हणाले, "सर, मोबाइलमुळे कॅमेरा आता सर्वांजवळ आहे. पण काढायचं काय? आमच्याकडे धानाच्या बांध्या, पुंजणे अन् बोड्या. फोटो काढायला लोक नवेगावबांधला नाहीतर नागझिऱ्याला जातात." सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, कारण छायाचित्रणाची सुरुवात नेमकी पुंजण्यासारख्या वस्तूंपासूनच झाली आहे.

इंग्लंडमधील संशोधक विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने १८४४ ते १८४६ या काळात 'पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध केले. त्यात २४ छायाचित्रे होती. एकात गवताची गंजी आणि तिला टेकवलेली शिडी. दुसऱ्यात उघडे दार आणि त्याला लावून ठेवलेला खराटा. तिसऱ्यात फळीवर मांडलेली चिनी मातीची भांडी. भांडी चोरीला गेली तर असे चित्र न्यायालयात पुरावा म्हणून दाखवता येईल, असेही त्याने सुचवले होते. गंजीतील काडी न् काडी चित्रकार काढत बसणार नाही, कॅमेरा मात्र ती कष्टाविना टिपतो, हे त्याच्या ध्यानात आले होते.

यात आवडीइतकाच रसायनाचाही भाग होता. त्या काळच्या चांदीच्या क्षारांवर चित्र उमटायला बराच वेळ लागे. दागेरने १८३८ साली पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले, त्यात रस्ता ओस पडलेला दिसतो. चालती माणसे आणि घोडागाड्या उमटल्याच नाहीत. बूट पुसून घेण्यासाठी एक गृहस्थ जागीच उभा राहिला, तेवढा उरला. गंजी हलत नाही, खराटा हलत नाही. म्हणून ती चित्रात आली.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने कलोडियन लावलेल्या ओल्या काचेची रीत दिली. चित्र सुरेख येई, पण काच वाळण्याच्या आत सगळे उरकावे लागे. म्हणजे प्रवासाला निघालेल्याने काचा, रसायने, पाणी आणि अंधारा तंबू बरोबर वाहून न्यायचा. शिवाय हे क्षार मुख्यतः निळ्या प्रकाशाला जागे होत, हिरव्याला फारसे नाही. आपल्या श्रावणातल्या हिरव्यागार बांध्या त्या काचेवर काळपट दिसल्या असत्या. (हिरव्या रंगाची जाण देणारी रंगद्रव्ये फोगेलने १८७३ साली शोधली.) एवढा खटाटोप करून कोण पुंजण्याकडे वळणार? मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली. १८५५ मध्ये कॅप्टन बिग्ज यांना सरकारने विजापूरकडील वास्तूंची चित्रे घेण्यास नेमले. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्याची चित्रे घेतली, ती १८६४ साली पुस्तकरूपाने आली. 'फोटोला लांब जावे लागते' ही आपली समजूत या काळातली असावी, असे मला वाटते.

तुमच्या मुलखाच्या जवळचे एक उदाहरण १९१६ सालचे आहे. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जातीजमातींवरील चार खंड त्या वर्षी लंडनला छापले गेले. तेव्हाचा भंडारा जिल्हा त्याच प्रांतात होता आणि गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता. कुणब्यांवरील प्रकरणात पेरणी, मळणी, उपणणी, दळणकांडण करणाऱ्या बाया, पोळ्यासाठी केलेले प्राणी, गेडीवर चढलेली पोरे आणि पोळ्याला गेड्या पाण्यात टाकणारी पोरे यांची छायाचित्रे आहेत. शंभर वर्षांपूर्वी उपणणी कशी होई, वाऱ्याकडे तोंड कसे करीत, हे आज कुणाला पाहायचे असेल तर ही चित्रे मोलाची आहेत. पण चित्राखाली कामाचे नाव आहे, काम करणाराचे नाही. पुस्तकाचा हेतू माणसांची वर्गवारी हा होता, त्यामुळे नाव विचारण्याची गरज कुणाला वाटली नसावी. मला ही उणीव दरवेळी खटकते.

नित्याच्या वस्तूचे आणखी एक चित्र दादासाहेब फाळक्यांचे. गोध्र्यात छायाचित्राचा व्यवसाय केलेल्या फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा लावला आणि अंकुराची वाढ दिवसामागून दिवस थोडी थोडी टिपली. पडद्यावर ती सलग दाखवताच रोप डोळ्यांदेखत वाढू लागले. भांडवल देणाऱ्याची खात्री पटली ती या वाटाण्यामुळे! हीच युक्ती बोडीला लावून पाहा. एकाच दगडावर उभे राहून दर पंधरवड्याला एक चित्र घेतले, की पाणी कधी भरले, कधी ओसरले, गाळ कुठवर आला, हे वर्गात मोजता येते. नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. छायाचित्रण तेव्हा नव्हते. त्यानंतरच्या तलावांची आणि बोड्यांची तरी अशी किती चित्रे आपल्याजवळ आहेत?

शिबिराच्या शेवटच्या दिवशी तेच गुरुजी एक फोटो छापून घेऊन आले. परसात पालथे पडलेले जुने उखळ सरळ करून ठेवले होते आणि शेजारी त्यांची आई मुसळ धरून उभी होती. मागच्या बाजूला त्यांनी तारीख, गाव आणि आईचे पूर्ण नाव लिहिले होते. मुसळाला कोणते लाकूड वापरले आहे, तेही आईला विचारून नोंदवले होते.