क्युरारेची वेल

आपल्याकडे गुळवेलीचा काढा तापावर देतात, हें बहुतेक घरांतून ठाऊक असतें. ह्याच गुळवेलीच्या कुळांतील एक वेल दक्षिण अमेरिकेंत, अ‍ॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यांतील घनदाट वर्षावनांत, उंच वृक्षांवर चढलेली आढळते. वनस्पतिशास्त्रांत तिला काँड्रोडेंड्रॉन टोमेंटोसम असें नांव आहे. शतकानुशतकें जी मृत्यूचें साधन म्हणून ओळखली गेली, तिनेंच पुढें शस्त्रवैद्यांना अमोल साहाय्य दिलें. तें कसें घडलें, हें पाहण्यासारखें आहे.

तेथील वनवासी लोक ह्या वेलीची साल व खोड कुटून उकळीत आणि काढा आटवून त्याचा काळा, चिकट लेप करीत. तेंच क्युरारे. फुंकनळींतून सोडावयाच्या बारीक तीरांना तें लावलें म्हणजे झाडावरील माकड किंवा पक्षी थोड्याच वेळांत शिथिल होऊन खालीं पडे. पण त्याचें मांस खाणाऱ्यास कांहींच बाधा होत नसे. हें विष रक्तांत शिरलें तर घातक. पोटांतून मात्र तें फारसें शोषलें जात नाहीं. हा भेद त्या लोकांस अनुभवानें पक्का ठाऊक होता. १८०० सालीं हम्बोल्ट ओरिनोको नदीवरील एस्मेराल्डा येथें गेला. तेथें आपल्या काजऱ्याच्या जातींतील एका वेलीपासून असेंच विष सिद्ध करीत, आणि त्याची तीव्रता जिभेनें चाखून ठरवीत, असें त्यानें लिहून ठेवलें आहे.

युरोपीय विद्वानांस ह्या अनुभवाचें कारण उकलावयास मात्र बराच काळ लागला. १८१४ सालीं वॉटर्टन व त्याचे सहकारी ह्यांनीं लंडनमध्यें एका गाढविणीला हें विष टोंचलें. ती निष्प्राणशी पडतांच तिची श्वासनलिका छेदून भात्यानें फुप्फुसांत वारा भरण्यांत आला, आणि कांहीं तासांनीं ती उठून उभी राहिली! म्हणजे विषानें तिचें हृदय थांबविलें नव्हतें, श्वास थांबविला होता. पुढें १८५० नंतर फ्रान्समध्यें क्लोद बर्नार ह्यानें दाखविलें कीं, विषबाधा झालेला स्नायु प्रत्यक्ष उत्तेजनानें आकुंचन पावतो. मज्जातंतूची आज्ञा मात्र त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं.

श्वास बाहेरून चालविला तर प्राण वांचतो, हें एकदां कळल्यावर विषाचें औषध होण्याची वाट मोकळी झाली. १९३५ सालीं हॅरोल्ड किंग ह्यानें संग्रहालयांतील एका जुन्या नमुन्यांतून ट्युबोक्युरारीन हें शुद्ध द्रव्य वेगळें केलें. १९३८ मध्यें रिचर्ड गिल ह्यानें इक्वाडोरहून क्युरारेचा मोठा सांठा अमेरिकेंत आणला. आणि २३ जानेवारी १९४२ रोजीं माँट्रिऑल येथें ग्रिफिथ व एनिड जॉन्सन ह्या डॉक्टरांनीं आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेंत रोग्यास तें दिलें. पूर्वीं पोटाचे स्नायु सैल पडावेत म्हणून रोग्यास गुंगीच्या औषधाची धोक्याची मात्रा द्यावी लागे. आतां हलकी गुंगीहि पुरेशी झाली.

परंतु येथेंच एक भयंकर गैरसमज संभवत होता. निश्चल पडलेला रोगी बेशुद्धच असणार, असें कोणासहि वाटावें. ह्या शंकेचा निरास करण्यासाठीं स्कॉट स्मिथ ह्या अमेरिकन डॉक्टरानें स्वतःवर पूर्ण मात्रेचा प्रयोग करवून घेतला व १९४७ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याला बोटहि हलवितां येत नव्हतें, श्वासहि इतरांकडून चालविला जात होता. तरी जाणीव आणि वेदना दोन्ही जशाच्या तशा होत्या. सारांश, क्युरारे शरीराला मुकें करतें, झोंपवीत नाहीं. म्हणूनच त्याच्या जोडीला गुंगीचें औषध अवश्यच असतें.

आज ट्युबोक्युरारीनची जागा अ‍ॅट्राक्युरियम, रोक्युरोनियम इत्यादि कृत्रिम द्रव्यांनीं घेतली आहे. स्नायूंना शिथिल करण्याची तत्त्वतः तीच किमया तीं साधतात, आणि त्यांच्या आधारें रोज असंख्य शस्त्रक्रिया पार पडतात. ट्युबोक्युरारीन ह्या नांवांतील पहिला भाग, वनवासी लोक हें विष ज्या बांबूच्या नळींत भरून ठेवीत, तिच्यावरून आला आहे. शास्त्राच्या इतिहासानें ती नळी नांवांत जपून ठेवली. ती भरणाऱ्यांपैकीं एकाचेंहि नांव मात्र त्याला जपतां आलेलें नाहीं. शस्त्रक्रियेच्या मेजावरून सुखरूप उठणाऱ्या प्रत्येक रोग्यावर त्या अनामिकांचें हें ऋण आहे.