पेडणे-डिचोलीतील भाषाशिक्षण: घरची बोली आणि शाळेची भाषा

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील भाषाशिक्षणाची वाट बार्देश-साष्टीहून निराळी आहे. विजरई कोंद द आल्व्होर याने १६८४ मध्ये हुकूम काढला, की रयतेने तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि स्थानिक बोली टाकावी. त्या वेळी हा मुलूख पोर्तुगिजांकडे नव्हताच. डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून कायमचे त्यांच्याकडे गेले. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, आणि नव्या काबिजादींतील, म्हणजे उशिरा जिंकलेल्या या मुलखातील, देवस्थाने व रीतिरिवाज यांना हात न लावण्याचे धोरण सरकारने पत्करले होते. म्हणून इथली मोडीतली दप्तरे, पोथ्या आणि कीर्तने मोडली नाहीत.

बार्देश-साष्टीसारख्या जुन्या काबिजादींत परभाषा शिकण्याचे पहिले पद्धतशीर साधन तयार झाले ते परक्यांसाठी. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स याने धर्मोपदेशकांसाठी लिहिलेले कोंकणीचे पोर्तुगीज व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, रायतूर येथे छापले गेले. नव्या काबिजादींत असे पुस्तक नव्हते. तिथे होता शेणयमाम, म्हणजे गावचा पंतोजी. कुणाच्या ओसरीवर नाहीतर देवळाच्या अग्रशाळेत त्याची शाळा भरे. धुळाक्षरे, बाराखडी, पाढे, मग मोडी असा क्रम असे. सगळे तोंडपाठ करायचे आणि चुकले की छडी खायची.

या शाळेतली मराठी ही मुलाची घरची बोली नव्हती, हे मात्र कुणाच्या ध्यानात फारसे येत नसे. घरी 'चेडूं आयलें' म्हणणारे पोर पाटीवर 'मुलगी आली' लिहायला शिके. लिंग बदलायचे, क्रियापदाचा शेवट बदलायचा, 'हांव'चा 'मी' करायचा. दोन भाषा इतक्या जवळच्या की शिकवणारा याला अशुद्धाचे शुद्ध करणे समजे, दुसरी भाषा शिकवणे नव्हे. घरच्या बोलीच्या खुणा जवळच्या भाषेत मिसळतात आणि चुका पटकन दिसत नाहीत, ही अडचण आधुनिक भाषाशास्त्राने पुढे नीट मांडली. पेडण्यातल्या पंतोजीला ती रोज भेटत होती, पण तिला नाव नव्हते.

सरकारी पातळीवर हा प्रश्न पहिल्यांदा मांडला तो एका पोर्तुगीज अधिकाऱ्याने. सरचिटणीस म्हणून १८५५ मध्ये आलेल्या कुन्य रिव्हाराने मुलांना त्यांच्या बोलीतूनच शिकवावे, असा आग्रह धरला. त्याने १८५७ मध्ये स्टीफन्सचे व्याकरण पुन्हा छापले आणि पुढच्याच वर्षी कोंकणीच्या इतिहासावर निबंध प्रसिद्ध केला. दुसऱ्या बाजूने सूर्याजी आनंदराव यांनी पोर्तुगीज जाणणाऱ्यांसाठी मराठीचे व्याकरण रचले. तरीही सरकारी नोकरीसाठी 'सेगुंद ग्राव' ही पोर्तुगीज परीक्षा लागे, म्हणून शेणयमामाकडून उठून मुले पोर्तुगीज शाळेत जात. मराठी शाळा बहुतांशी लोकांच्या वर्गणीवर चालत. पणजीत १९०८ मध्ये सुरू झालेल्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच घरोघरची तांदळाची मूठ आहे.

याच काळात डिचोलीत १८७७ मध्ये जन्मलेल्या वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर यांनी, म्हणजे शणै गोंयबाबांनी, मराठी आणि पोर्तुगीजचे पहिले धडे गावातच गिरवले व पुढे मुंबई गाठली. कोंकणी ही मराठीहून स्वतंत्र भाषा आहे, असा पक्ष घेताना ते नुसते वाद घालत बसले नाहीत. त्यांनी मुलांसाठी वाचनाचे पुस्तक लिहिले, कोंकणीच्या ध्वनींवर लिहिले, व्याकरणाची बांधणी केली. त्यांच्या भूमिकेशी पेडणे-डिचोलीतले पुष्कळ मराठीप्रेमी कधीच सहमत झाले नाहीत. त्या वादाची धग अजून आहे.

तेरेखोल नदीपलीकडच्या, पेडण्याला लगटून असलेल्या कुडाळी बोलीचे वर्णन अ. मा. घाटगे यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. मालेचे नाव 'मराठी बोलींचे सर्वेक्षण', आणि तिच्यात दक्षिण कानडातली कोंकणीही होती. नावावरूनच वाद व्हावा असा तो काळ होता. मात्र शिक्षकाला उपयोगी पडावी अशी सामग्री, म्हणजे ध्वनी, रूपे आणि वाक्यांचे नमुने, अशा अभ्यासांतूनच मिळू लागली.

१९६१ च्या मुक्तीनंतर मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांच्या काळात गावोगावी सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. आजच्या सिंधुदुर्गातून पुष्कळ शिक्षक आले. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन झाले आणि कोंकणी, मराठी, पोर्तुगीज यांचे पदव्युत्तर अध्यापन व संशोधन गोव्यातल्याच विद्यापीठाच्या छत्राखाली आले. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषेचे स्थान दिले व मराठीचा सरकारी वापर मान्य केला. १९९० मध्ये प्राथमिक शाळांचे अनुदान भारतीय भाषांपुरते ठेवले गेले. २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुले झाले आणि आंदोलने पेटली. आता पेडण्यातल्या मुलाच्या वाट्याला शाळेत कोंकणी, मराठी, इंग्रजी आणि हिंदी यांची कुठली ना कुठली जुळणी येते, आणि घरी त्याची बोली या चौघींपैकी एकीशीही पूर्ण जुळत नाही.