चुलीजवळची डबी

कागल तालुक्यातल्या प्राथमिक शाळांत मी नोकरी केली. निपाणीची तंबाखूपेठ जवळच. त्यामुळे तंबाखूला आमच्याकडे व्यसन म्हणत नसत. ती पीक होती, मजुरी होती, सकाळची मिशरी होती.

पोर्तुगीजांबरोबर ती या मुलखात आली. 1604 च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग याने विजापूरहून ती दरबारात नेली, म्हणजे दख्खनेत तोवर ती रुळली होती. 1617 मध्ये जहांगीराने बंदी घातली, ती टिकली नाही. बंद्यांची नोंद दप्तरांत सापडते. सवय कशी लागते, ते घरात बघावं लागतं.

मिशरीसाठी तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची. धुराने अख्ख्या आळीला ठसका लागे. मग चुरून, फडक्यातून गाळून डबीत भरायची. पहाटे बोटावर घेऊन हिरड्यांना लावायची आणि तोंडात लाळ धरूनच शेणगोठा उरकायचा. तिच्याशिवाय पोट साफ होत नाही, असं बायका सांगत. नातीची दाढ ठणकली की आजी त्याच डबीतली चिमूट दाढेत दाबी. ठणका जरा थांबे, आणि काही दिवसांनी पोरगी आपणहून मागे. यात वाईट संगत कुठेच नव्हती, नुसती माया होती. म्हणून शाळेच्या भिंतीवरची कर्करोगाची भेसूर चित्रं मला अपुरी वाटत. तंबाखू खाणारी माणसं वाईट, असं शिकवलं की दुसरीतलं लेकरू आजीकडे बघतं आणि आजीवरच विश्वास ठेवतं.

1992 मध्ये दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी झाली, पण घरच्या तव्यावरची मिशरी कोण अडवणार? 2003 च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं आणि शाळेपासून शंभर यार्डांत विक्री करणं गुन्हा ठरलं. तरी ‘आजीला पायजे’ म्हटलं की पुडी मिळेच. म्हणून वर्गात आम्ही नाटुकली बसवली. एक पोर आजी होई, दुसरं म्हणे, “आज्जे, तंबाखू सोडून काय बी सांग, आणतो.” थोरांचा शब्द मोडायचा, तोही उर्मटपणा न करता, याला सराव लागतो. दाढ दुखली तर लवंग, आणि मग दवाखाना, हेही पाठ करून घेतलं.

एक आजी तणतणत शाळेत आली. “पोरीला काय शिकवलंस बाई?” मी तिला बसवलं, तोंड उघडायला लावलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. नातीला बरोबर देऊन तिला दवाखान्यात धाडलं. डॉक्टर काय म्हणाले, ते नातीने दुसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाला सांगितलं.