काखेची लाज आली कुठून?

“डॉक्टर, स्लीव्हलेस घालायचा धीरच होत नाही, काख काळी आहे,” असं तुमच्यापैकी अनेकजणी सांगतात. ही लाज किती जुनी, ठाऊक आहे?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या बायकांच्या कपड्यांत काख बहुधा झाकलेलीच असे. जे दिसत नाही त्याची काळजी कोण करणार? मग बिनबाह्यांचे झगे आले. १९१५ मध्ये ‘हार्पर्स बझार’ मासिकात केस काढण्याच्या पावडरीची जाहिरात आली. तिच्यात हात उंचावलेली एक तरुणी होती आणि काखेतले केस चक्क ‘आक्षेपार्ह’ ठरवले होते! त्याच वर्षी जिलेटनं खास बायकांसाठी रेझर काढला. म्हणजे आधी कपडा आला, मग लाज. आणि तिच्यावरचा उपाय विकणारे तयारच होते. पायांचंही तेच. दुसऱ्या महायुद्धात नायलॉन पॅराशूटकडे वळलं, लांब मोजे मिळेनात, आणि उघड्या पायांवरही रेझर फिरू लागला.

आता काळेपणाचं. वारंवार वस्तरा फिरवल्यानं, घट्ट कपडे घासल्यानंही काख काळवंडते. त्यावर लिंबू चोळू नका, त्वचा आणखी बिघडते. मात्र काखेतली, मानेवरची त्वचा जाड आणि मखमलीसारखी काळी झाली असेल, तर शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसण्याची शक्यता असते. अशी त्वचा बाह्यांखाली लपवण्याऐवजी मला दाखवा, रक्तातली साखर तपासून घ्या. रिपोर्ट येईपर्यंत स्लीव्हलेससाठी थांबायचं मात्र कारण नाही.